राजकारण कुठं बोलावं, कुठं गिळावं?

नाशिक शहर-जिल्ह्यातून या महिन्यात आलेल्या टपालात एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत आला: रोजच्या जगण्यात राजकारण उघड बोलावं की नाही? आमचं मत आधीच सांगून टाकतो. बोलावं. फक्त तोंड उघडण्याआधी एवढं पाहावं, की नको वाटलं तर समोरच्याला उठून जाता येतं का. कट्ट्यावरचा मित्र उठून जाऊ शकतो. हाताखालचा माणूस, उधारीवर माल नेणारा, वर्गातला विद्यार्थी यांना ते जमत नाही. खालची बहुतेक उत्तरं याच खुंटीला टांगलेली आहेत.

इंदिरानगरात माझं सलून आहे. निवडणूक जवळ आली की गिऱ्हाईक बसल्या बसल्या विचारतं, "काय म्हणतंय वातावरण?" बोललो तर पंचाईत, नाही बोललो तर घुम्या. त्यात एक इच्छुक दुकानावर फ्लेक्स लावायला मागतोय.

तुमच्या खुर्चीतल्या माणसाच्या गळ्याभोवती कापड आहे आणि गालावर वस्तरा. तो वाद घालणार नाही. "बरोबर आहे" म्हणेल, पैसे देईल आणि पुढच्या महिन्यात दोन गल्ल्या पलीकडे जाईल. भांडला असता तर निदान कारण तरी कळलं असतं. म्हणून विषय तुम्ही काढू नका. त्यानं काढला तर वातावरणावर बोलू नका, गल्लीवर बोला. "वातावरण" विचारणारा बहुतेक वेळा तुमचा पक्ष चाचपत असतो. रस्ता कधी खोदला, पाणी किती वाजता येतं, पार्किंगचं काय झालं, यावर तुम्ही दिवसभर बोललात तरी कुणाच्या खात्यात जमा होत नाही. तरी हेही राजकारणच आहे, आणि आमच्या मते जास्त कामाचं.

टीव्हीकडेही लक्ष ठेवा. रात्री आठच्या चर्चेचा आरडाओरडा लावून ठेवणं म्हणजे न बोलता बोलणं. कोणतं चॅनेल लावलंय हेसुद्धा गिऱ्हाईक वाचतं. गाणी लावा.

आता फ्लेक्स. खासगी जागेवर प्रचाराचा फलक लावायला जागामालकाची परवानगी लागते. दुकान भाड्याचं असेल तर मालक तुम्ही नाही, आणि नकार द्यायला यापेक्षा सोपं आणि खरं कारण नाही. दुकान स्वतःचं असेल तर "सगळ्यांनाच नाही म्हणतोय" एवढंच म्हणा. पण हे वाक्य पहिल्या उमेदवारापासून पाळावं लागतं. चुकतं ते इथंच. पहिला ओळखीचा म्हणून लावू दिला जातो, मग दुसऱ्याला नाही म्हणताना पहिल्याचा फ्लेक्स डोक्यावर फडफडत असतो. पत्रकांचा गठ्ठा काउंटरवर ठेवायला आला तर सगळ्यात खालची बारीक ओळ वाचा. लोकसभा-विधानसभेच्या प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७-क नुसार सक्तीचं आहे. ती ओळ नसेल तर गठ्ठा आल्या पावली परत.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीचा मी सचिव आणि व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन आहे. टँकरच्या निरोपांमध्ये पक्षांचे व्हिडिओ येऊन पडतात. दोन सभासद लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाहत नाहीत. कुणी काही भलतं टाकलं तर पोलीस मला धरतील का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये सांगितलं आहे, की सभासदानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. त्यात अॅडमिनचा सामील हेतू होता हे दाखवावं लागतं. तेव्हा रात्री झोप लागू द्या. जो टाकतो तो मात्र सुटत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात गटागटांत वैर पसरवण्यासाठी कलम १९६, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्यासाठी २९९ आणि अब्रुनुकसानीसाठी ३५६ आहे. वर "आलं तसं पुढं पाठवलं" असं लिहिल्यानं हात झटकता येत नाहीत. "कलम ६६-अ रद्द झालंय, आता काहीही चालतं" असं सांगणारा एक सभासद प्रत्येक ग्रुपवर असतोच. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं हे खरं. पण वरची कलमं वेगळी आहेत आणि जिवंत आहेत.

ग्रुपचे दोन भाग करा. "सूचना" ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन संदेश फक्त अॅडमिननं पाठवायची सोय चालू करा. दुसरा "कट्टा", ज्याला हवं त्यानं यावं, नको त्यानं निघावं. उठून जायची वाट इथं मुद्दाम ठेवायची आहे, कारण टँकरची वेळ कळण्यासाठी ग्रुपवर राहणं भाग असलेल्या माणसावर कुणाचाच प्रचार लादला जाऊ नये. कट्ट्यावर एकच नियम पुरे: फॉरवर्ड बंद, स्वतः लिहिलेलं चालेल. निम्मं भांडण इथंच मिटतं, कारण दिवसाला दहा व्हिडिओ ढकलणाऱ्याला स्वतःच्या हातानं चार ओळी लिहा म्हटलं की त्याचा उत्साह मावळतो. ज्या संदेशावर दोन बाणांची खूण दिसते तो पाच किंवा अधिक हातांतून फिरत आलेला असतो. तो ओळखायला अॅडमिनला काही शिकावं लागत नाही.

नेहमी चूक होते ती वेळेची. बंदी भांडणाच्या ऐन भरात घातली जाते, आणि ज्याचा व्हिडिओ शेवटचा होता त्याला वाटतं, ही आपल्याच पक्षावर आली. शांत आठवडा पाहून समितीच्या सभेत ठराव करा, इतिवृत्तात लिहा आणि मग असा मजकूर टाका:

"सूचना ग्रुपवर फक्त पाणी, लिफ्ट, सुरक्षा, देखभाल शुल्क आणि सभांचे निरोप येतील. बाकी विषयांसाठी कट्टा ग्रुप आहे. तिथं येणं-जाणं ऐच्छिक. धर्म, जात किंवा सोसायटीतल्या व्यक्तीवर शेरा असलेला मजकूर, तो कोणत्याही बाजूचा असो, काढला जाईल. पुन्हा आल्यास सात दिवस ग्रुपबाहेर."

समोरचा रस्ता, पथदिवे, पावसाळी गटार यांसाठी नगरसेवकाला द्यायच्या निवेदनाला मात्र "राजकारण नको" म्हणून अडवू नका. असं करणाऱ्या सोसायट्या आहेत, आणि त्यांच्या दारात पाणी तुंबतं.

मी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. यजमान निवडणुकीला उभे राहायचं म्हणताहेत. मी स्टेटस ठेवू शकते का? घरी प्रचाराला माणसं येतील तेव्हा काय करू?

ताई, तुम्हाला बाकीच्यांपेक्षा मोकळीक कमी आहे. तुमच्यासाठी जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ आहेत. राज्य कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे. दोन्हींचा गाभा एकच: पक्षाचं सभासदत्व नाही, प्रचार नाही, निवडणुकीत वजन वापरणं नाही. मतदान तुम्ही करायचंच, पण कुणाला केलं किंवा करणार याची सूचना द्यायची नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणं हे वजन वापरणं धरलं जातं. तेव्हा स्कूटर तुमच्या नावावर असेल तर तिच्यावर स्टिकर नको, आणि झेंडा लावायचाच तर तो यजमानांच्या प्रचार कार्यालयावर, राहत्या घरावर नको.

यजमानांनी उभं राहण्याला तुमची नोकरी आड येत नाही. तुम्ही फेरीत चालायचं नाही, पत्रकावर तुमचा फोटो नको, लोकसभा-विधानसभेला मतदान प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसायचं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४-क खाली त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. घरी माणसं आली तर चहा करायला कोणताही नियम अडवत नाही. पण "मॅडम, तुमच्या वर्गाच्या पालकांना जरा सांगा" हे वाक्य आलं की उठून आत जा. पालकसभेतला बाप तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, हे ओळखूनच ते वाक्य येतं.

स्टेटसचं म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये सामान्य प्रशासन विभागानं समाजमाध्यमांबद्दल शासन निर्णय काढला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही त्यात येतात. वैयक्तिक आणि कामाचं खातं वेगळं ठेवायचं, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करायची नाही. यजमानांच्या सभेचा फोटो "कुटुंबाचा" म्हणून ठेवला तरी मागचं चिन्ह स्क्रीनशॉटमध्ये दिसतंच, आणि तक्रार करणाऱ्याला तेवढंच हवं असतं. निकाल लागेपर्यंत स्टेटसला शाळेची बाग ठेवा.

अंबडला एका कारखान्यात नोकरीला आहे. साहेब पक्षाच्या पोस्ट टाकतात आणि कोण शेअर करतं ते पाहतात.

शेअर करणं तुमच्या कामाचा भाग नाही, आणि न केल्याची कारवाई कागदावर घेता येत नाही. त्रास तोंडी होतो. एकदाच, एकट्यात, हसत सांगा: "साहेब, मी कुणाचंच टाकत नाही, घरच्यांचंही नाही." आणि मग खरंच कुणाचंच टाकू नका, विरोधी बाजूची एक पोस्ट दिसली की हे वाक्य मेलं. पत्रकं वाटणं किंवा सभा घेणं परवानगीशिवाय कारखान्याच्या आवारात गैरवर्तन धरलं जातं. तुमच्या कारखान्याचे स्थायी आदेश, म्हणजे कामाचे लेखी नियम, वाचा, तो नियम साहेबांनाही दाखवता येतो. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा हक्क आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५-ख. न देणाऱ्याला दंड आहे पाचशे रुपयांपर्यंत! आकडा ऐकून मालक घाबरणार नाही, पण कायदा तुमच्या बाजूला आहे एवढं कळतं.

निफाड तालुक्यातून लिहितोय. टपरीवर कांद्याचा विषय निघाला की दोन तट पडतात. चुलतभावाशी गेल्या हंगामापासून बोलणं बंद आहे. शेतकऱ्यानं राजकारण बोलूच नये का?

कांदा पिकवणाऱ्यानं राजकारण बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? तुमच्या कांदाचाळीतल्या मालाचा भाव दिल्लीतल्या एका अधिसूचनेनं हलतो. पण "तुमच्या सरकारनं कांदा मारला" हे वाक्य घ्या. त्यातलं "तुमच्या" चुलतभावाला लागतं, सरकारला काहीच लागत नाही. तेवढा शब्द काढा आणि तिथं तारीख ठेवा.

तारखा अशा आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखालच्या भावानं बाहेर पाठवायला मनाई. ८ डिसेंबर २०२३ पासून थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मे रोजी होतं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं; विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. १ एप्रिल २०२५ ला शुल्क शून्य. आता ही यादी एका पक्षाच्या तोंडावर फेकायचा मोह होईल, म्हणून शेजारी हेही लिहा, की डिसेंबर २०१० मध्ये दिल्लीत दुसऱ्यांचं सरकार होतं आणि तेव्हाही निर्यात थांबवलीच होती. खाणाऱ्याची मतं शहरात जास्त आणि पिकवणाऱ्याची काही जिल्ह्यांतच, हे गणित कोणत्याही खुर्चीवरून सारखंच दिसतं. चुलतभाऊ आणि तुम्ही या गणितात एकाच बाजूला आहात.

त्याच्याशी बोलायचं तर टपरीवर नको. चारचौघांसमोर कुणाला माघार घेता येत नाही; बांधावर दोघंच असलात की घेता येते. लिलावात भाव पडल्याच्या संध्याकाळी तर हा विषय काढूच नका, त्या दिवशी राग आधीच शोधत असतो कुणावर पडावं. जाताना आपली हिशोबपट्टी घेऊन जा, त्यालाही त्याची काढायला सांगा. नोव्हेंबर २०२३ ची एक आणि त्याच डिसेंबरच्या मध्याची एक, लाल कांद्याची. क्विंटलचा भाव, खाली हमाली-तोलाई वजा, हातात आलेली रक्कम. पहिली पाच मिनिटं त्यालाच बोलू द्या आणि त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा, तो "हो, हेच" म्हणेपर्यंत. मग एकच प्रश्न विचारा: निर्यात बंद करायचीच असेल तर शेतकऱ्याला किती दिवस आधी कळायला हवं? यावर दोन पक्षांचे दोन भाऊ एकमतानं बोलू शकतात. बाजार समितीकडे निवेदन द्यायचं ठरलं तर सहीसुद्धा एकाच कागदावर होते. नेत्याचं नाव निघालं की थांबा. उरलेलं दुसऱ्या दिवशी.

जावई छत्रपती संभाजीनगरचे. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर "आमचं पाणी अडवता" सुरू होतं. लेकीची अवघड जागा होते.

वाद दिवाळीतच का पेटतो त्याला कारण आहे. समन्यायी पाणीवाटपाच्या २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला गोदावरीवरच्या, जावयांकडच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न येतो, आणि दिवाळी त्याच्याच आगेमागे असते. २०२३ मध्ये दिवाळीच्या तोंडावर नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला होता. तेव्हा १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा आकडा पाहून ठेवा. ६५ च्या वर असेल तर जावईबापूंना दारातच सांगा, "यंदा भांडायला काही नाही, चकल्या खा." खाली असेल तर विषय तुम्हीच आधी काढा, पण ताट वाढायच्या आधी, आणि गंगापूर धरणाचा आकडाही सांगा. हा नियम त्या पंगतीतल्या कुणी केलेला नाही, एवढं दोघांच्या लक्षात आलं तरी लेक सुटली.

सिडकोत राहतो. निकालानंतर एका कार्यकर्त्यानं विचारलं, "आम्हाला टाकलं ना?" नळाचं काम त्यांच्याकडे अडलंय. खोटं बोलावं का?

खोटं बोलायची गरज नाही, खरं उत्तरच धूसर आहे. नाशिक महापालिकेत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. अ, ब, क, ड अशी चार मतं तुम्ही देता आणि ती चारही एकाच पक्षाला जावीत असं काही नाही. "चार बटणं होती भाऊ, सगळ्यांचा विचार केला" हे अक्षरशः सत्य आहे. मतदान गुप्त असतं; मत दाखवण्यासाठी यंत्राचा फोटो काढणारे मात्र स्वतःच अडकतात, केंद्रात मोबाईल नेता येत नाही. मत दिलं नाही तर नळ तोडू अशी धमकी मतदानाआधी दिली तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ खाली गैरवाजवी दबावात बसते. नळाचा अर्ज कार्यकर्त्याच्या हाती देऊ नका. विभागीय कार्यालयात द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या.

मुलगा सतरा वर्षांचा आहे, रोज पेपर वाचून प्रश्न विचारतो. आम्ही घरात राजकारण कधी बोललो नाही. आमचा पक्ष सांगावा का?

विचारलं तर सांगा, पण त्याबरोबर त्याच पक्षाचा तुम्हाला न पटलेला एक निर्णयही सांगा. पोटच्या पोराला तुमच्या जेवणाच्या टेबलावरून सहजी उठून जाता येत नाही, म्हणून तुम्ही थोडं मागं सरायचं. तुमचं मत त्यानं खोडलं तर "तुला काय कळतंय" हे वाक्य गिळा. ते एकदा बाहेर पडलं की तो पुढची दहा वर्षं मोबाईललाच विचारेल. सुट्टीत त्याला पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात न्या आणि २ मार्च १९३० ला तिथं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह का सुरू झाला ते सांगा. ज्या दाराशी आपण चपला काढतो तिथं कुणी कुणाला अडवलं होतं, हे घराघरांतल्या गप्प बसण्यानं बदललेलं नाही. मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते; तिथं न पटणाऱ्या वक्त्याला तासभर ऐकून घ्यायची सवय फुकटात लागते.

सतरा पूर्ण झाले असतील तर मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण असतील तेव्हापासून नाव धरलं जातं. जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि एक फोटो लागतो. फॉर्म त्यालाच भरू द्या, तुम्ही फक्त नाव आणि आडनाव दाखल्यावर आहे तसंच लिहिलंय ना तेवढं तपासा.